रेडेगुरुजींचा उड्डाणवर्ग

एक होतं जंगल. तिथे झाडं बेताची आणि परिपत्रकं मुबलक. सिंहमहाराजांचा हुकूम होता, की पिल्लांना परवानाधारक शिक्षकांनीच शिकवायचं. उडायला शिकवण्याचा परवाना रेडेगुरुजींना मिळाला, कारण महाराजांच्या प्रचारसभेत तेच सगळ्यांत मोठ्याने रेकले होते.

भिंगरी साळुंकीचं एकुलतं एक पिल्लू त्यांच्या वर्गात होतं. चार महिन्यांत ते चिखलात लोळायला पटाईत झालं, पंख मात्र उघडेना. झाडाखाली मुंगूस रोज हजेरी लावू लागलं. तशी भिंगरी तडक परवाना परिषदेत गेली.

"बाई, प्रकरण गंभीर आहे. तातडीने बघतो," अध्यक्ष कासवराव म्हणाले आणि त्यांनी मान आत घेतली. ती बाहेर यायला महिना लागला. कारकून खेकडा रोज फाईल घेऊन त्यांच्याकडे निघायचा आणि तिरका तिरका चहाच्या टपरीवर पोचायचा. आईच ती, किती थांबणार? तिने घरट्याच्या काठावर स्वतःच शिकवणी सुरू केली.

अखेर एका झाडाखाली सुनावणी लागली. भिंगरी पिल्लाला सोबत घेऊन आली. मुंगूस पहिल्या रांगेत येऊन बसलं.

"गुरुजींचा परवाना खरा आहे?" कासवरावांनी विचारलं.

"खरा, साहेब. शिक्काही गोल आहे," खेकडा म्हणाला.

"मग शिकवणं चुकीचं कसं असेल?"

भिंगरीचं डोकं फिरलं. "अहो, हे गृहस्थ जन्मात कधी उडालेत का?"

गुरुजी उभे राहिले. "बंधुभगिनींनो! उडायला पंख कशाला हवेत? निष्ठा हवी! चिखलात बसून आकाशाचा अभिमान बाळगणं, हीच आपली परंपरा!"

"गुरुजींच्या शिंगांचा विजय असो!" मागून म्हशी ओरडल्या.

त्या गलक्यात मुंगसाने झेप घेतली. पिल्लू घाबरलं, फडफडलं आणि थेट वरच्या फांदीवर जाऊन बसलं. भिंगरीचे डोळे भरून आले.

"उडालं! म्हणजे गुरुजींनी शिकवलं," कासवराव म्हणाले.

"मी शिकवलं!" भिंगरी ओरडली.

खेकड्याने डोळे बाहेर काढले. "आपला परवाना?"

निकाल त्याच दिवशी लागला. एवढी घाई परिषदेने पूर्वी कधी केली नव्हती. तक्रार फेटाळली. गुरुजींचा सत्कार झाला, हार त्यांनी तिथेच खाल्ला. भिंगरी विनापरवाना शिकवल्याबद्दल दोषी ठरली. पिल्लाने ताबडतोब खाली उतरून वर्गात बसावं आणि पहिल्यापासून शिकावं, असा आदेश निघाला. आदेशाची प्रत घेऊन मुंगूस झाडाखाली उभं राहिलं.

"आई, उतरू का गं?"

"अजिबात नाही. चल माझ्या मागे," भिंगरी म्हणाली. दोघं डोंगर ओलांडून परमुलखात गेली. त्यांचं बघून उरलेली पाखरंही गेली.

परिषदेच्या वार्षिक अहवालात पहिल्याच पानावर गुरुजींचा फोटो आहे. खाली लिहिलंय, आपली पिल्लं आज परदेश गाजवताहेत, ती आपल्या शिक्षणाच्या जोरावर.