हारात अडकलेली गाडी

एका जंगलात नदीकाठच्या जांभळाखाली एक शाळा भरत असे. बगळेगुरुजी तिथे एका पायावर उभे राहून शिकवत आणि वर्गात गोंधळ झाला की दुसरा पाय टेकवत. दुसरा पाय टेकला की सगळे गप्प. त्या वर्षी गुरुजींनी उन्हावर चालणाऱ्या गाड्यांची स्पर्धा ठेवली. प्रत्येक गटाला एक छोटी मोटर आणि ऊन पिऊन वीज बनवणारी एक काळी पट्टी मिळाली. बाकीची गाडी ज्याची त्याने जुळवायची होती.

मुलांनो, आपल्या गोष्टीतल्या गटात तिघे होते. खारीने बाटलीच्या झाकणांची चाके बसवली. एखादे चाक जरा वाकडे दिसले तरी तिला घास गोड लागत नसे. माकड स्वतः फारसे काही करत नव्हते, पण "असं करा, तसं करा" इतक्या उत्साहाने सांगे की बाकीच्यांना हुरूप येई. वायरी जोडायचे काम उंदराने मागून घेतले होते, आणि त्याला तसेच कारण होते. पहिलीत असताना त्याने गुरुजींच्या हजेरीवहीचे एक पान कुरतडले होते. एकच पान! पण तेव्हापासून शाळेतला खडू हरवो नाहीतर घंटेची दोरी तुटो, नाव उंदराचेच. आपण जोडलेली गाडी धावली, तर निदान आता तरी सगळे ते पान विसरतील, असे त्या बिचाऱ्याला वाटत होते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी गाडीने जांभळाला तीन फेऱ्या मारल्या. तिघेही आनंदाने नाचले. मग गाडी रात्रीपुरती उंदराच्या बिळात ठेवली, कारण तीच जागा कोरडी होती.

सकाळी माकड भलामोठा झेंडूचा हार घेऊन हजर झाले. त्याचे बालपण घाटातल्या देवळाच्या पायऱ्यांवर गेले होते. नवी गाडी घेतली की माणसे काय काय करतात, ते त्याला तोंडपाठ होते. "पूजा केल्याशिवाय नवी गाडी काढतात का कुठं?" असे म्हणत त्याने गाडीला हळदकुंकू माखले, हाराचे तीन वेढे दिले आणि सुतळीला सात गाठी मारल्या. चाकाखाली ठेवायला लिंबूही आणले होते, पण ते गाडीएवढेच निघाले. मग एक पिकलेले करवंद ठेवले. गाडी इतकी देखणी दिसत होती की खारसुद्धा पाहतच राहिली.

दुपारी नदीकाठच्या लांबलचक खडकावर गाड्या ओळीने लागल्या. माकडाने सकाळचे करवंद आठवणीने पुन्हा चाकाखाली ठेवले. गुरुजींनी वाळूत एक काडी रोवली. काडीची सावली पांढऱ्या दगडाला टेकायच्या आत गाडीने पलीकडची रेघ ओलांडायची, एवढीच अट होती. गुरुजींनी चोच वाजवली. मुंगसांची गाडी सुटली, सशांची सुटली. आपल्या तिघांची मात्र जागची हलेना.

"काल तर चांगली पळत होती!" खार म्हणाली.

"काल पळत होती, आणि रात्री याच्या बिळात होती," माकड म्हणाले. "खरं सांग रे, वायर कुरतडलीस ना?"

"नाही रे दादा. आईशप्पथ नाही!"

"उंदीरच तो! कुरतडणार नाही तर काय करणार?" काठावरून कुणीतरी ओरडले आणि सगळी पिल्ले हसली. खारीने तोंड फिरवले, आणि उंदराला तेच जास्त लागले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. पळत जाऊन बिळात तोंड लपवावे, असे त्याला वाटले.

पण गाडी टाकून जायला मन होईना. तो तिच्याखाली शिरला आणि एकेक जोड हुंगून पाहू लागला. सगळे जोड शाबूत होते. मग तो वर चढून हारात शिरला, आणि थबकलाच. बाहेर खडकाचे पायाला चटके बसत होते, आणि हाराखाली मात्र गारेगार अंधार होता. काळ्या पट्टीवर उन्हाचा एक कवडसा नव्हता. होता तो फक्त हळदीचा थर.

"अरे, गाडी उपाशी आहे!" तो आतून ओरडला. "हार काढा, हार!"

माकड गाठी सोडायला धावले. पण गाठी सात, आणि त्याही त्यानेच जीव लावून मारलेल्या. एकही सुटेना. सावली दगडाकडे सरकत होती. सुतळी उंदराच्या तोंडाशीच होती, पण एवढ्या सगळ्यांसमोर तिला दात लावायची त्याची छाती होईना. त्याने हारातून डोके बाहेर काढून गुरुजींकडे पाहिले.

गुरुजींनी दुसरा पाय टेकला. सगळे चिडीचूप झाले.

"बघतोस काय?" गुरुजी म्हणाले. "कुरतड, बाळा!"

कट्, कट्, कट्! हार घसरून खाली पडला. खारीने आपल्या झुपकेदार शेपटीने पट्टी लख्ख पुसली. ऊन पडताच मोटर घुरघुरली, करवंद टचकन फुटले आणि गाडी निघाली. तिच्यामागे तिघेही श्वास रोखून धावले. सावली दगडापासून बोटभर दूर असताना गाडीने रेघ ओलांडली, आणि मग कुठे त्यांनी श्वास सोडला. उंदीर तर मटकन खालीच बसला. त्याला हसू येत होते आणि डोळेही पुसावे लागत होते. नंबर शेवटचा आला होता, पण माकड सगळ्यांना "शेवटून पहिला" असेच सांगत सुटले.

मग माकड उंदराजवळ येऊन बसले. "चुकलो रे," ते हळूच म्हणाले. "गाठी माझ्या होत्या आणि नाव तुझं घेतलं." खारीने आपल्या वाटणीचे जांभूळ उंदरापुढे ठेवले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या घंटेची दोरी पुन्हा तुटली. सवयीप्रमाणे सगळ्यांच्या माना उंदराकडे वळणार, तोच माकडाने हात वर केला. "थांबा," ते म्हणाले, "काल तिला मीच लोंबकळलो होतो."

तात्पर्य : कुणाच्या एका जुन्या चुकीवरून प्रत्येक नवा दोष त्याच्या माथी मारू नये; काही बिघडले तर आधी आपण मारलेल्या गाठी तपासाव्यात.