केरबामामाचं वाळवण

एका गावात एक भोळा मामा होता. नाव केरबा. तसे मामा भोळेच असतात, नाहीतर भाच्यांचं कसं चालायचं? पण केरबाचा भोळेपणा जरा उतू गेलेला. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा. पंचाईत एवढीच, की एकीकडचं शहाणपण तो दुसरीकडे लावायचा.

त्याची एकुलती एक भाची कांचन. तिचं लग्न ठरलं आणि केरबाचा आनंद गगनात मावेना. कांचनची आई, म्हणजे केरबाची आक्का, मात्र धास्तावली होती. होणाऱ्या विहीणबाई खोडी काढण्यात पटाईत. थोरल्या सुनेचं रुखवत बघून त्यांनी मुरडलेलं नाक अजून सरळ झालेलं नव्हतं. म्हणून आक्कानं ठरवलं, रुखवतात असा केक मांडायचा की बाईंची बोलतीच बंद.

कृती ती शहरातून शिकून आली होती. मार्शमॅलो नावाची मऊ मिठाई वितळवायची, तिच्यात पिठीसाखर मळायची आणि त्या गोळ्याची बाहुल्यांसारखी चित्रं करून केकवर बसवायची. आक्कानं फेटेवाला नवरा केला, शालूतली नवरी केली, दोन हत्ती केले. पण सगळी मंडळी लुसलुशीत. नवरा कमरेत वाकला, हत्तींच्या सोंडा गळाल्या.

"केरबा, कडक व्हायला पाहिजेत रे ही. जरा वारा लागू दे त्यांना."

केरबानं ताट सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि भरधाव निघाला. वेस, तालीम, ओढा, परत वेस. वारा भरपूर लागला. घरी आला तेव्हा ताट होतं, हत्ती नव्हते. एक ओढ्याच्या उतारावर पडला, दुसरा तालमीपुढच्या कुत्र्यानं खाल्ला. नवरा-नवरी तर एकमेकांत अशी मिसळली होती, की लग्न लावायची गरजच उरली नव्हती.

"अरे माझ्या कर्मा! फिरवायचं नसतं रे! घरात, सावलीला, पंख्याखाली गप ठेवायचं!"

"आता ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला.

मग आक्का दोन दिवस पत्रिका वाटायला निघाली. जाताना म्हणाली, "ताटांत कुरडया घालून ठेवल्यात. तेवढ्या वाळव."

केरबानं ध्यानात ठेवलं होतं. घरात, सावलीला, पंख्याखाली. आक्का परतली तेव्हा कुरडयांचा आंबूस वास तिला गल्लीच्या तोंडालाच भेटला.

"अरे, वाळवण आहे ते! गच्चीवर टाकायचं, कडक उन्हात! आणि वरखाली करायचं!"

"आता ध्यानात ठेवतो."

आक्कानं नव्यानं नवरा-नवरी केली, नव्यानं हत्ती केले. या खेपेला केरबा सांगण्याचीसुद्धा वाट बघत बसला नाही. ताट उचललं आणि गच्चीवर गेला. आक्का धावत वर आली, तर हत्तीचं धिरडं झालेलं आणि केरबा हातात उलथनं घेऊन नवऱ्याशी झटतोय.

"काय करतोयस?"

"दुसरी बाजू राहिलीय, आक्का."

"अरे, ऊन सोसत नाही त्यांना! गारव्याला ठेवायचं!"

"आता ध्यानात ठेवतो."

तिसऱ्यांदा केलेली चित्रं केरबानं फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी बाहेर काढली आणि नवरा-नवरीच्या अंगाला दरदरून पाणी सुटलं. आक्का उंबऱ्यावर बसली आणि खरोखरच रडायला लागली.

"लग्न परवावर आलं रे. आता काय मांडू तिथं? पोरीला जन्मभर टोमणे ऐकावे लागतील."

केरबा तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकला. "आक्का, एकदाच सगळं सांग. ह्यातलं काही चुकायचं नाही."

आक्कानं डोळे पुसले. "मग ऐक. अंगावर पाणी दिसलं की पुसायचं नाही, रंग जातो. वरून कॉर्नफ्लोअरचं पांढरं पीठ भुरभुरायचं. पंख्याखाली ठेवायचं. मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. दाराला कडी. मधूनमधून बोटानं दाबून बघायचं. दबतंय तोवर कच्चं. आणि कच्चं असेपर्यंत कुणी कितीही मागू दे, द्यायचं नाही!"

केरबानं अगदी तसंच केलं. लग्नाच्या सकाळी बघतात तर नवरा टणक, नवरी टणक, हत्तींच्या सोंडा ताठ. कार्यालयात रुखवत मांडलं. विहीणबाईंनी हत्तीला नखानं टिचकी मारली. टक्क! "बरंय की," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे डोक्यावरून पाणी. आक्कानं चारचौघांत केरबाच्या पाठीवरून हात फिरवला. "शहाणा गं बाई माझा भाऊ!" केरबाला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याला अस्मान ठेंगणं झालं.

तेवढ्यात नवरदेव आले. वैशाखाचं ऊन, अंगात शेरवानी, डोक्याला फेटा. यशवंतरावांच्या तोंडावरून घामाच्या धारा लागलेल्या. करवलीनं रुमाल पुढे केला, तो केरबानं वरच्या वर झेलला.

"पुसू नका! रंग जाईल! चला पाव्हणं, माझ्यासंगं आत चला."

यशवंतराव बिचारे गेले. सकाळपासून त्यांना कुणीही कुठंही बसवत होतं, काहीही फासत होतं. त्यांना वाटलं, असेल हीही यांच्याकडची रीत. शिवाय मुलीच्या मामाचा मान, नाही कसं म्हणायचं?

मांडवात भटजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" मामा नाहीत. अंतरपाटापलीकडे बघतात तर नवराही नाही. कांचन हातात हार घेऊन रडकुंडीला आली. भटजी घड्याळ बघायला लागले. शोधाशोध झाली. शेवटी मागच्या कोठीच्या बंद दाराला पाठ लावून बसलेला केरबा विहीणबाईंना सापडला.

"माझा यशवंत कुठाय?"

"आत आहे. पण मिळायचा नाही."

लोकांनी केरबाला बाजूला ओढलं आणि कडी काढली. आत भरधाव पंखा. पंख्याखाली खुर्ची. खुर्चीचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत. आणि खुर्चीवर फेट्यापासून मोजडीपर्यंत पांढरेफटक यशवंतराव, डोळे मिटून, श्वास धरून, हूं की चूं न करता बसलेले. विहीणबाईंनी किंकाळी फोडली. भटजींनी कपाळाला हात लावला, मुहूर्त टळला होता.

केरबा गर्दीतून वाट काढत पुढे झाला. सगळ्यांदेखत त्यानं नवरदेवाचा गाल बोटानं दाबला, मग मान हलवली.

"बघ, आक्का, अजून दबतोय! असला कच्चा नवरा देऊ होय आपल्या कांचीला? लग्न परवा लावा!"