पडदा एकच होता

एका गावात एक भोळा केरबा होता. गावाला तो एकच पुरेसा होता, दुसऱ्याची गरज कधी पडली नाही. सांगितलेलं तो विसरायचा नाही, हीच तर खरी पंचाईत.

गाव मठाचं. महाराज म्हणतील ती पूर्व दिशा. घरोघर फोन होते, पण साधे, बटणांचे. इंटरनेटचा फोन अख्ख्या गावात एक, तोही मठात, पितळी डब्यात. आरती झाली की डबा उघडायचा, शिकण्यापुरतं बघायचं, की पुन्हा झाकण. बायकांनी त्या बाजूला फिरकायचं नाही. परपुरुष आणि बाई यांच्यामध्ये पडदा पाहिजे, हा महाराजांचा नियम.

आणि नेमकं केरबाच्या बायकोला, कौतिकाला, शिकायचं होतं. गावात अंगणवाडीची जागा निघणार होती. त्यासाठी बालसंगोपनाचा कोर्स लागायचा, आणि तो शहरातल्या एक बाई फोनवरून शिकवायच्या. कौतिकानं नाव घातलं, पुस्तक तोंडपाठ केलं, आणि वर्गाला नवऱ्याला बसवलं. काय करणार बिचारी!

"अहो, बाई सांगतील तस्सं करा," ती म्हणाली.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापला आवाज बंद ठेवा."

केरबानं आवाज बंद ठेवला. घरी आला तरी बंद. कौतिकानं विचारलं, "काय शिकवलं?" केरबा गप्प. आई म्हणाली, "पोराला कुणी करणी केली की काय?" केरबा गप्प. जेवताना ठसका लागला, तोही त्यानं तोंड दाबून आतल्या आत जिरवला. कौतिका रडकुंडीला आली, तेव्हा कुठं तिच्या कानाशी लागून म्हणाला, "बाईंनी आवाज बंद ठेवायला सांगितलंय."

"अहो, ते वर्गापुरतं! वर्ग सुटला की बाई शेवटी जे म्हणाल्या ते मोठ्यानं सांगायचं. आईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं." म्हातारीला ऐकू कमी यायचं, आणि सून काय शिकते ते कळल्याशिवाय तिची कुरकुर थांबणार नव्हती.

"असं होय," केरबा म्हणाला. "आधी सांगायचं ना!"

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटला तेव्हा मठात कीर्तन रंगलं होतं. इकडे पुरुष, तिकडे पडद्याआड बायका, त्यांत म्हातारीही. महाराज डोळे मिटून डोलत होते. केरबा मधोमध उभा राहिला आणि ओरडला, "आई! बाळाला पाजून झालं की ढेकर काढायला विसरू नका!"

कीर्तनकार थांबला. टाळ थांबले. पडद्याआडून म्हातारी म्हणाली, "नीट ऐकू नाही आलं रे, परत सांग!"

केरबानं परत सांगितलं.

"मूर्खा!" महाराज कडाडले. "बायकांच्या गोष्टी अशा चारचौघांत आणतात? झाकून ठेवावं!"

"असं होय. आधी सांगायचं ना!"

तिसऱ्या दिवशी केरबा वर्गाला बसला तो डोक्यावरून घोंगडी घेऊन. फोनही घोंगडीत. बाईंना नुसता अंधार.

"केरबा, वीज गेली का?"

"नाही बाई, झाकलंय."

"अहो, काढा ते! आणि लक्षात ठेवा, परीक्षेला तुम्ही नाही, कौतिकानं यायचं. ज्याची परीक्षा त्याचं तोंड मला दिसलंच पाहिजे. नाहीतर नापास."

केरबानं घरी येऊन हे सांगितलं, तशी कौतिका पेचात पडली. तोंड दाखवावं तर महाराज गावात राहू देणार नाहीत, न दाखवावं तर सगळी मेहनत पाण्यात. ती मठाच्या दाराबाहेर उभी राहिली, हात जोडले, विनवण्या केल्या. महाराज काही ऐकेनात. शेवटी कंटाळून म्हणाले, "बरं, ये. पण मी समोर बसणार. आणि पडदा राहणार म्हणजे राहणार."

परीक्षेचा दिवस आला. पडद्याआड कौतिका, अलीकडे महाराज, मध्ये फोन धरून केरबा.

"मला पडदा दिसतोय," बाई म्हणाल्या. "तोंड दाखवा, नाहीतर परीक्षा नाही."

"पडदा राहणार," महाराज म्हणाले.

पडद्याआडून हुंदका आला. बायकोचं रडणं केरबाला बघवत नसे. त्यानं विचार केला, दोघंही मोठी माणसं, दोघांचंही ऐकावं. त्यानं पडदा ओढून काढला आणि महाराजांच्या डोक्यावरून घातला. वरून उपरण्याची गाठ मारली.

"अरे, हे काय!" पडदा ओरडला.

"महाराज, आवाज बंद ठेवा. वर्ग चालू आहे."

कौतिका गाठ सोडवायला उठली. पण बाईंनी पहिला प्रश्न विचारलाही होता. मग काय, उत्तरं धडाधड सुटली. लस कधी, वजन किती, जुलाब झाले तर काय. पडदा आधी धडपडला, मग गप्प झाला, मग मान कलती करून ऐकू लागला.

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या. "नुकत्या जन्मलेल्या बाळाला पहिल्यांदा काय द्यायचं?"

इथं कौतिका अडखळली. गावात बाळ जन्मलं की पहिलं बोट मठातल्या मधाचं, तेही खुद्द महाराजांच्या हातचं. उत्तर तिला येत होतं, पण ते त्यांच्यासमोर सांगायचं कसं? पडद्याला वाटलं, पोर विसरली. त्याला राहवेना.

"मध! अगं, मध सांग!"

कौतिकानं डोळे घट्ट मिटले. "आईचं दूध," ती म्हणाली. "मध नाही. सहा महिने दुसरं काहीच नाही."

"शाबास! पण मागून कोण बोललं?"

"परकं कुणी नाही, बाई," केरबा म्हणाला. "आमचे महाराज. त्यांना पडदा पाहिजे होता, तुम्हाला तोंड. पडदा एकच होता."

बाई पोट धरधरून हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "कौतिका पास. महाराज नापास." आणि वर्ग सुटला.

वर्ग सुटला, म्हणजे आता मोठ्यानं सांगायचं. आई तर घरी, पार खालच्या आळीला. केरबानं इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात आरतीचा माईक होता. त्यानं बटण दाबलं.

"आई! कौतिका पास! महाराज नापास!"

कळसावरच्या भोंग्यानं ते सगळ्या गावाला सांगितलं. महाराजांनी कशीबशी गाठ सोडवून डोकं बाहेर काढलं, तोच खालच्या आळीतून म्हातारीची हाक आली, "नीट ऐकू नाही आलं रे, परत सांग!"

केरबानं परत सांगितलं.