गेणबा मापाऱ्याने धूर मोजला

उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या एका गावात गेणबा नावाचा मापारी होता. खळ्यावर धान्याची रास मोजायची, हे त्याचं काम. पहिलं माप टाकताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन मोजत जायचं, अशी रीत. उभ्या हयातीत त्याच्या मापात दाणाभर चूक निघाली नव्हती, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

ऊस तुटला की गाव शेतात उरलेलं पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, पेटवून देई. आठ-आठ दिवस धूर हटत नसे. राजधानीतली माणसं खोकून बेजार झाली, तेव्हा राजाने फर्मान काढलं: प्रत्येक गावाने आपला धूर मोजून सांगावा. ज्याचा सर्वांत जास्त, त्याची मानाची काठी जत्रेत सर्वांत मागे. या गावाची काठी तर पिढ्यान्‌पिढ्या पहिली!

“धूर काय पायलीत मावतोय व्हय?” लोक हसले.

गेणबाने एक गुंठा निवडला, तोही स्वतःच्या शेतातला. पाचट तोही जाळत होताच ना! पहिला भारा तराजूत टाकताना त्याची जीभ अडखळली. यात कसला आलाय लाभ? जन्मात पहिल्यांदा तो “एक” म्हणाला. सगळे भारे तोलून त्याने ते पेटवले आणि उरलेली राख तोलली. जेवढं घटलं, तेवढं हवेत गेलं. मग त्याने गावातल्या उसाचे सगळे गुंठे हिशोबात धरले.

आकडा ऐकून पाटील हादरले. “गेणबा, निम्माच सांग. धूर काय साक्षीला येतोय?”

“पाटील, माप एकदा खोटं केलं, की उद्या तुमची रास कोण खरी मानंल?”

दरबारात बाकीच्या गावांचे आकडे मूठ-मूठभर निघाले. गेणबाचा डोंगराएवढा.

“लाज नाही वाटत?” राजाने विचारलं.

“वाटते, महाराज. धुराची वाटते. मापाची नाही.”

राजाने गेणबाच्याच रीतीने सगळ्या गावांचा धूर मोजून घेतला. कित्येक गावांचा धूर गेणबाच्या गावाच्या दुप्पट भरला. “खरं बोलणाऱ्याचीच काठी पुढे,” राजा म्हणाला. पाटलांनी भर दरबारात आपलं पागोटं गेणबाच्या डोक्यावर ठेवलं.

पुढच्या साली गावाने काडी लावली नाही. पाचट उसाच्या सरीत पसरून कुजवायचं, त्याचं खत करायचं ठरलं. अख्खं गाव बांधावर उभं होतं. गेणबाने पहिला भारा सरीत टाकला आणि छाती फुगवून आरोळी दिली, “लाभ!”

तात्पर्य: आपल्या चुकीचं खरं माप सांगायची ज्याची छाती असते, त्यालाच ती सुधारता येते, आणि मानही त्यालाच शोभतो.