पेटीगाडीचा ब्रेक आणि मशीनचं तेल

“याकूब मिस्त्री सोमवारी मुलाकडे निघाले. आता काही ते…”

पिठाच्या गिरणीत कोणीतरी एवढं बोललं आणि तेवढ्यात गिरणी सुरू झाली. पुढचं सगळं त्या घरघरीत बुडालं. रांगेत उभ्या असलेल्या अंबादासनानांनी ते मनातल्या मनात पुरं केलं, की आता काही ते परत येत नाहीत. दळणाचा डबा तिथेच सोडून नाना घरी आले. इंदिराबाईंनी विचारलं, “अहो, पीठ?” तर म्हणाले, “याकूब चालला.”

डोंगराच्या उतारावर वसलेलं ते गाव. नाना तिथे शिलाईची मशीनं दुरुस्त करीत. मशीन अडलं, कुरकुरलं, जड झालं, की लांब चोचीची तेलाची डबी काढायची आणि दोन थेंब सोडायचे. शंभरातली नव्वद मशीनं तेवढ्यावर चालू लागत. त्यामुळे जगातल्या प्रत्येक कुरकुरीला तेल हाच इलाज, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. दार करकरलं की तेल, पाळणा करकरला की तेल. इंदिराबाई म्हणायच्या, “म्हणून मी आपली कुरकुर करीत नाही.”

याकूब मिस्त्रींचं गॅरेज खाली नाक्यावर. दोघांची मैत्री जमली ती एका गाडीमुळे. तीस वर्षांपूर्वी नानांनी हौसेनं पैसे साठवून मागवलेल्या पाच लाकडी पेट्या ट्रकमधून आल्या होत्या. पेट्यांत एक आख्खी मोटार होती, पण सगळी सुटी. घरी आणून आपली आपण जोडायची. सोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि दोघांची शाळा सातवीत सुटलेली. मग त्यांनी चित्रं बघून गाडी जोडायला घेतली. दर रविवारी नानांच्या अंगणात पाने आणि पकडी पसरायच्या. इंदिराबाई भजी तळायच्या. याकूबची आई हाक मारायला यायची आणि म्हणायची, “जेवायला येतोस, का बोल्टच खाऊन राहतोस?” सीटची कव्हरं नानांनी स्वतःच्या मशीनवर शिवली. इंजिन आणि ब्रेक याकूबनं बसवले. दोन वर्षं गेली त्यात. शेवटी लाल रंगाची, दोन माणसांची, वर टप नसलेली गाडी उभी राहिली. गावानं तिचं नाव पेटीगाडी ठेवलं. पहिल्या दिवशी दोघं ती घेऊन वरच्या तळ्यावर गेले, तेव्हा अर्धं गाव मागून धावत होतं. ते दिवस आठवले की गल्लीतली म्हातारी माणसं अजूनही हसू लागतात.

पण गाडीही म्हातारी झाली. दोन वर्षांपूर्वी तिचा हँडब्रेक बिघडला. ओढला तरी धरेना. उतारावर उभी केली की चाक हळूच सरकायचं आणि सरकताना असं किंचाळायचं, की चार घरांतली माणसं बाहेर यायची. म्हणून इंदिराबाई पायाशी एक दगड घेऊनच गाडीत बसत आणि गाडी थांबली की आधी उतरून तो चाकाला लावत. चहाच्या टपरीवर एकदा याकूब सगळ्यांदेखत बोलून गेला, “नाना रिटायर व्हायच्या आधी त्याचा ब्रेक रिटायर झाला.” माणसं पोट धरून हसली. नानांना ते लागलं. त्यांनी गॅरेजची पायरी सोडली. समोरासमोर आले तर नमस्कार व्हायचा, बस. दोन वर्षं अशीच गेली, आणि ब्रेक तसाच राहिला. दुसऱ्या मिस्त्रीकडे न्यायला मन होईना, याकूबकडे न्यायला मान वाकेना.

आता याकूब कायमचा चालला म्हटल्यावर नानांना घरात बसवेना. त्यांना वाटलं, जायच्या आधी त्याला एकदा पेटीगाडीत बसवून तळ्यावर न्यावं, पहिल्या दिवशी गेलो तसंच. पण तो ब्रेक किंचाळला तर? याकूब पुन्हा हसेल, आणि शेवटची आठवण ती राहील.

नानांनी तेलाची डबी काढली. मागच्या चाकाच्या आत, ब्रेकच्या पत्र्याला एक बोटभर भोक असतं. त्यात डबीची चोच घातली आणि दोन थेंबांनी भागेना म्हणून अर्धी डबी रिकामी केली. दुसऱ्या चाकालाही तेच. मग अंगणातच गाडी ढकलून ब्रेक ओढून पाहिला. आवाज नाही. नाना खूश झाले. ब्रेकनं धरलं का, हे बघायचं राहूनच गेलं.

शनिवारी सकाळी ते गॅरेजवर गेले.

“याकूब, तळ्यावर येतोस?”

याकूबनं हात पुसले. “दोन वर्षांनी आलास, आणि एकदम तळ्यावर?”

“येतोस का ते सांग.”

“चहा कोणाचा?”

“माझा.”

“मग येतो.”

दोघं पेटीगाडीतून निघाले. तळ्याच्या उतारावर, पाण्याकडे तोंड करून नानांनी गाडी उभी केली. इंदिराबाई नव्हत्या, म्हणून दगडही नव्हता. गाडी गिअरमध्येही ठेवली नाही. मोठ्या दिमाखात हँडब्रेक ओढला. “ऐकलंस? आवाज नाही.” याकूब म्हणाला, “हं.” नाना खाली उतरले आणि पाठ करून थर्मासचं झाकण उघडू लागले.

चाक सरकलं, पण या वेळी किंचाळायला काही उरलंच नव्हतं. नाना वळले तेव्हा गाडी दहा हात पुढे गेली होती, आणि आत याकूब एकटाच, ड्रायव्हरच्या नव्हे, शेजारच्या जागेवर. त्यानं दोन्ही हातांनी ब्रेक ओढला. काही उपयोग नाही. नाना थर्मास टाकून धावले, पण साठीचे पाय कितीसे धावणार? पाणी जवळ येत चाललं. याकूबनं आडवं होऊन स्टिअरिंगला मिठी मारली आणि सगळं अंग एका बाजूला टाकलं. गाडी वळली आणि काठावरच्या गवताच्या गंजीत जाऊन रुतली.

नाना धापा टाकत पोचले. याकूबच्या केसांत गवत होतं.

“काय केलंस त्याला?” याकूबनं विचारलं.

“तेल घातलं.”

“कुठं?”

“ब्रेकमध्ये. आवाज करत होता.”

याकूबनं केसांतलं गवत झटकलं. मग म्हणाला, “नाना, मशीन फिरावं म्हणून तेल असतं. ब्रेक गाडी थांबावी म्हणून असतो.”

“तू चाललास म्हणून रे. तुझ्यासमोर तरी गाडी नीट दिसावी, एवढंच वाटलं. मला तुला विचारायची लाज वाटली.” नाना गंजीलाच टेकून खाली बसले. “माझ्या लाजेपायी तू गेला असतास.”

रविवारी पेटीगाडी दोन वर्षांनी गॅरेजात आली. याकूबनं चाक काढायला लावलं, पण स्वतः पुढे झाला नाही. “तू बघ आणि मला सांग,” म्हणाला, “मी हातानं चाचपतो.” नानांनी चाकामागचा ब्रेकचा ड्रम उघडला. आत तेलात भिजलेले लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक धरणाऱ्या पट्ट्या होत्या, झिजून पातळ झालेल्या, आणि त्यांना ठोकलेली लोखंडी रिबिटं वर आली होती. याकूबनं त्यांवरून बोट फिरवलं. “लोखंडाला लोखंड घासत होतं. तेच ओरडत होतं बिचारं. आणि तू त्याचं तोंड बंद केलंस.”

ड्रम पेट्रोलनं धुतला, नवे लायनर बसवले, ढिली झालेली वायर ताणली. शेवटी याकूबनं नानांचा हात धरून हँडब्रेकचा दांडा ज्यावर फिरतो त्या खिळीवर नेला. “तेल इथं. एकच थेंब.”

“तू हातानं का चाचपतोस सगळं?” नानांनी विचारलं.

“दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मीही कुणाला बोललो नाही. मिस्त्रीला दिसत नाही म्हटल्यावर गाडी कोण देणार? ऑपरेशनसाठी चाललोय मुलाकडे.”

“गिरणीत तर म्हणत होते, की आता काही ते…”

“आता काही ते गॅरेज उघडत नाहीत. खरं आहे. वय झालं, हे शटर आता कायमचं बंद. पण मी महिन्यानं परत येतोय. राहणार इथंच.”

 नानांनी सगळे पाने पुसून एकेक करून पेटीत ठेवले, दर रविवारी ठेवायचे तसे. मग दोघांनी मिळून शटर खाली ओढलं.

तात्पर्य: कुरकुर बंद केली म्हणजे दुखणं बरं होत नाही, ती काय सांगते ते आधी ऐकावं, आणि आपल्याला जमत नसेल तर जाणत्या मित्राला विचारायला लाजू नये.