घोंगडीखालचा नेचा

चूक हैबत पाटलाची होती. हे आधीच सांगतो, कारण आमचे म्हातारे ही गोष्ट सांगताना नेमकं एवढंच गाळतात.

पुष्कळ मागं, आमच्या कुंभेघर गावच्या डोंगराला वाटसुद्धा नव्हती तेव्हा, खेमा नावाचा एक माणूस गावचा झरा राखायचा. झरा घळीत होता. वर झाडं अशी दाट की भर दुपारी खाली अंधार, आणि ओल्या कातळावर सगळा नेचा. नेच्याला फूल नाही, फळ नाही. पानाच्या पोटाशी तपकिरी ठिपके येतात, त्यांतून धूळ उडते, ती धूळच त्याचं बी. ओल्या सावलीत पडली तर रुजते, नाहीतर गेली. नेचा सुकला की झरा सुकलाच, असं खेमा धरून चालायचा. रोज उजाडलं की पानं उलटून बघायचा. एखादी कड तांबूस दिसली की ओंजळीनं पाणी शिंपडायचा, मगच भाकरीला बसायचा.

"खेमा, नेच्याला काजळ लाव रं, दृष्ट लागंल!" पाटील पारावरून ओरडायचा. पारावरचे म्हातारे आधी पाटलाचं तोंड बघायचे, मग हसायचे.

आमच्याकडं राब भाजतात. झाडांच्या पाल्यासकट डहाळ्या तोडायच्या, वाळवायच्या, आणि भाताचं रोप टाकायच्या जागेवर पसरून पेटवायच्या. त्या साली भोवतालचे डोंगर बोडके झाले होते. पाटील म्हणाला, "घळीतली तोडा. तिथं पाला दाट हाय."

खेमा आडवा आला. "पाया पडतो पाटील. आत ऊन आलं तर झरा जाईल."

"माझा बाप राब भाजायचा, त्याचा बाप भाजायचा. गेला का झरा?"

"त्यांनी घळीला हात नव्हता लावला."

"आता तू शिकवणार व्हय आम्हाला?"

म्हाताऱ्यांनी पाटलाचं तोंड बघितलं आणि पोरांना कोयते काढायला लावले. कोयते चालले.

ऊन थेट कातळावर आलं. पानं कडेनं करपली, आत वळली. झऱ्याची धार मनगटाएवढी होती ती बोटाएवढी झाली, मग सुतळीएवढी. खेमानं घोंगडी भिजवली, दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरली आणि कातळावर सावली करून उभा राहिला.

त्याची बायको येसू भाकरी घेऊन आली. "घरी चला वं. हात खाली घ्या जरा."

"हात खाली आला तर ऊन पडंल, येसू. पाटलाला म्हणावं माणसं पाठव. पाळीपाळीनं धरू."

येसू धावत गेली. पाटील म्हणाला, "खेमा धरतोय न्हवं? मग झालं तर!"

गाव मात्र पाण्याला यायचं. खेमाच्या कोपराखालून हंडा भरायचं आणि मान खाली घालून जायचं.

असं म्हणतात, अख्खा वैशाख तो हलला नाही. येसू घोंगडी भिजवायची, घास भरवायची. त्याच्या पायांवर काळी लव चढली, असं म्हणतात. तळहातांवर तपकिरी ठिपके उठले. एका दुपारी येसूनं दिलेला घास त्याच्या ओठांवरच राहिला. तिनं हाका मारल्या. पारापर्यंत ऐकू गेल्या. कुणी उठलं नाही.

त्याच संध्याकाळी पाऊस आला तेव्हा गाव घळीत गेलं. घोंगडीखाली माणूस नव्हता. पुरुषभर उंच नेचा होता, बुंध्यावर घोंगडीसारखे काळे केस, आणि पानं हातांसारखी कातळावर पसरलेली. पाण्याची सुतळी तुटली नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात येसू ती घोंगडी घेऊन, "आता तुमची पाळी," म्हणत दारोदार फिरली. तेव्हापासून घळीत कोयता जात नाही. राब पेटवायच्या आधी प्रत्येक घरातला सगळ्यांत म्हातारा पुरुष ओली घोंगडी डोक्यावर धरून तिथं उभा राहतो. ऊन कातळावरून सरेपर्यंत हात खाली आणायचा नाही. याला खेमाची पाळी म्हणतात. बाया समोर बसून बघतात, कुणाचे हात आधी पडतात ते.

हैबत पाटील कधी उभा राहिला नाही. घळ तोडली त्या साली त्याचं भात जोरदार आलं. तो म्हातारा होऊन आपल्या घरात, झऱ्याचं पाणी पिऊन मेला. त्याचं काहीही गेलं नाही.