कळीचा की पक्का

“कळीचा की पक्का, एवढंच सांगा उस्ताद. मग मी निघतो.”

यशोधन निंबाळकर हे उभ्याउभ्याच बोलला. बूट काढले नाहीत, धुनीला हात जोडले नाहीत. खांद्यावरची रायफलसुद्धा उतरवली नाही.

फौजीबाबा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी मठाला दूध घालतो. किटली रिकामी करून निघणारच होतो, पण पाय निघेना. खोटं कशाला बोलू, बंदूकवाला माणूस इथं आहे तोवर इथंच बसावं असं मनात आलं. मी भित्रा माणूस आहे. त्या दिवसांत आमच्या गावात जो भित्रा नव्हता, तो एक तर थापा मारत होता, नाही तर पिऊन होता.

बिबट्यानं आधी शेळ्या राखणारी एक म्हातारी नेली. मग ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोपीतून, आईच्या कुशीतून, लहान पोर उचललं. त्यानंतर तोड बंद पडली. माणसं दिवसासुद्धा परसाकडं एकटी जाईनात. वनखात्यानं पिंजरे लावले, त्यात तो शिरेना. शेवटी गोळी घालायचा हुकूम निघाला आणि या यशोधनला बोलावणं गेलं. रेंजवर पदकं मिळवलेला गडी. जीपमधून उतरला तो मान ताठ ठेवून. म्हणाला, एका रात्रीचं काम आहे.

ती रात्र काल झाली.

फौजीबाबा मठात यायच्या आधी फौजेत नेमबाजी शिकवायचे, आणि तिथून सुटल्यावर काही वर्षं शहरातल्या रायफल क्लबात. यशोधन तिथला त्यांचा चेला. आम्ही बाबा म्हणायचो, तो उस्ताद म्हणायचा.

“बस,” बाबा म्हणाले.

“वेळ नाही. संध्याकाळी परत बसायचंय.”

“मग आत्ता बस.”

तो बसला. पिशवीतून काळ्या लोखंडाची एक पकड काढून त्यानं ओट्यावर ठेवली. बंदुकीवर दुर्बीण बसवायची ती पकड. तिला माउंट म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

“रायफलवर आत्ता आहे तो पक्का,” तो म्हणाला. “स्क्रूनं आवळलेला. हा दुसरा कळीचा. दोन कळा उघडल्या की दुर्बीण हातात. दोन्ही आणलेत. ठरत नाहीये.”

“कळीचा कशाला?”

“तो जवळ आला तर दुर्बीण काढून टाकता येते. नुसत्या डोळ्यानं, नळीच्या टोकाच्या माशीवर नेम धरता येतो.”

“मग तो लाव.”

“पण काढून परत बसवली की नेम तोच राहील कशावरून? केसभर जरी हलली तर लांबून मारलेली गोळी पोटात नाही तर पायात बसायची. जखमी होऊन उसात शिरला तर...”

“तर?”

“त्याच्या मागं उसात जावं लागेल.”

“कुणाला?”

“...मला.”

“मग पक्का ठेव.”

“पक्का ठेवला आणि तो अंगावर आला तर?”

बाबांनी एक शेंग फोडली. आतला दाणा किडका होता, तो फेकला.

“काल काय झालं?”

मी किटलीचं झाकण उगाच लावलं आणि उघडलं.

“सांग.”

“उसाच्या कडेला ट्रॉली उभी करून तीत बसलो होतो. अंधार पडता पडता तो आला. मी समोर बघत होतो, दुर्बिणीतून. तो मागून आला. ट्रॉलीच्या खाली. मला... त्याचा श्वास ऐकू येत होता उस्ताद. फळीच्या खाली. मी वळलो तर तो बाहेर पडून माझ्याकडंच बघत उभा. हात लांब केला असता तर लागला असता. दुर्बीण डोळ्याला लावली, तर आत नुसते ठिपके. धूसर. डोकं कुठं, पोट कुठं, काही कळेना.”

“आणि?”

“आणि काही नाही. तो गेला. त्याला घाई नव्हती.”

जो बंदुकीला भ्यायला नाही तो माझ्या काठीला काय भिणार? मठातून माझ्या घरची वाट उसातूनच जाते.

“म्हणजे असं,” बाबा म्हणाले. “कळीचा लावला की लांबच्या बिबट्याची भीती, आणि पक्का ठेवला की जवळच्याची.”

“हो.”

“आणि तो कुठून येणार हे त्याला माहीत, तुला नाही.”

“...हो.”

बाबांनी सूप बाजूला ठेवलं आणि कमरेचं वस्त्र आवळलं.

“बंदूक रिकामी करून घे. अंगणात ये.”

यशोधननं मॅगझिन काढून ओट्यावर ठेवलं. पितळी काडतुसं आत दिसत होती. बाबांनी मॅगझिनकडं पाहिलं, मान हलवली आणि अंगणाच्या टोकाला चिंचेच्या बुंध्याआड जाऊन उभे राहिले.

“मी येतो. तू मार.”

“उस्ताद, माणसावर नळी धरायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत.”

“माणूस कोण आहे इथं?”

यशोधन कसनुसा हसला आणि रायफल खांद्याला लावून उभा राहिला.

बाबांची सत्तरी उलटलेली. पण आले ते म्हाताऱ्यासारखे आले नाहीत. खाली वाकून, पायाचा आवाज न करता, सरळ न येता तिरके आले. मी त्यांना रोज बघणारा माणूस, पण मीसुद्धा किटली छातीपुढं धरली.

यशोधनची नळी इकडं तिकडं फिरत राहिली. बाबांचा तळवा त्याच्या छातीवर पडला.

“काय दिसलं?”

“भगवं.”

“मी कुठं होतो?”

“...नाही दिसलात.”

“मेलास. आता दुसरा लाव.”

यशोधननं ओट्यावर बसून, पान्यानं स्क्रू सोडवून, कळीचा माउंट बसवला. पाना दोनदा खाली पडला. रायफल त्याच्या मांडीवर आडवी होती आणि नळी नेमकी माझ्याकडं. मला ते बरं वाटेना. रिकामी आहे हे माहीत होतं, तरी सरकून बसलो.

“नेम पुन्हा बसवावा लागेल,” तो पुटपुटला. “चार गोळ्या ओढ्यात झाडाव्या लागतील.”

“झाड. संध्याकाळ लांब आहे.”

बाबा परत चिंचेआड गेले. परत आले, या खेपेला दुसऱ्या बाजूनं.

यशोधननं एक कळ उघडली. दुसरी उघडेना. त्यानं मान खाली घालून ती अंगठ्यानं रेटली. कळ उघडली, दुर्बीण निसटून मातीत पडली, आणि तो तिच्यामागं वाकला. बाबांचा तळवा त्याच्या मानेवर होता.

“दुर्बिणीकडं बघत होतास,” बाबा म्हणाले. “मी इकडं होतो.”

यशोधन घामानं निथळत होता. त्यानं दुर्बीण उचलून बाहीनं पुसली आणि पुन्हा बसवली. त्याची काल गावात शिरतानाची ताठ मान आठवली आणि मला त्याची दया आली. थोडं बरंही वाटलं. माणसाचं मन असंच असतं.

“दोन्हीकडून मेलो. आता काय करू?”

“मी काय सांगू? मी बिबट्या.”

बाबा तिसऱ्यांदा आले.

या वेळी यशोधननं दुर्बिणीला डोळा लावला नाही आणि कळांना हातही लावला नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून, बाबांच्या तोंडाकडं बघत, नळी सरळ त्यांच्या छातीवर रोखली आणि चाप दाबला. परत दाबला. बाबांचा तळवा नळीला येऊन टेकला तोवर तो दाबतच होता.

मग तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा मोकळं हसला.

“या वेळी तुम्ही मेलात उस्ताद.”

“असं?”

“आधीच चाप दाबला मी. तुम्ही तिकडं होतात तेव्हाच.”

बाबा धापा टाकत होते. नळी त्यांनी हातानं बाजूला सारली.

“दाबलास?”

“दाबला. दोनदा.”

“आवाज नाही आला.”

“रिकामीच आहे, आवाज कुठून येणार?”

“रिकाम्या बंदुकीचा येतो,” बाबा म्हणाले. “टक् असा.”

यशोधनचं हसू तोंडावर तसंच राहिलं, आणि मग हळूहळू गेलं. त्यानं अंगठा रायफलच्या बाजूला नेला. तिथली सेफ्टी लावलेली होती. म्हणून चाप दबला नव्हता.

त्यानं नळी जमिनीकडं केली, सेफ्टी सरकवली आणि नळीमागचा बोल्ट मागं ओढला.

एक काडतूस उडून ओट्यापुढच्या फरशीवर पडलं. टण्णकन वाजलं आणि माझ्या किटलीपर्यंत घरंगळत आलं.

मी ते उचललं नाही.

मॅगझिन काढलं की त्यातल्या गोळ्या निघतात. नळीत आधीच चढलेली असेल ती तिथंच राहते. मला हे नंतर कळलं. त्या दोघांना तर ते झोपेतसुद्धा माहीत असणार.

“काल...” यशोधन काडतुसाकडं बघत म्हणाला. “तो ट्रॉलीखाली होता तेव्हा चढवली होती. सकाळी काढायची... मला वाटलं काढली.”

बाबा ओट्यावर बसले. त्यांनी सूप पुढं ओढलं, पण शेंग काही उचलली नाही.

“मीपण मॅगझिनच बघितलं,” ते म्हणाले. “नळी बघायला सांगितलं नाही.”

“सेफ्टी लावलेली नसती तर...”

“तर गेनू आज बिनापैशाचा तमाशा बघून गेला असता.”

माझं नाव गेनू. मला हसू आलं नाही. मघा ती नळी कुणाकडं होती हे आठवलं.

यशोधननं रायफल भिंतीला टेकवली आणि तिच्यापासून लांब, जोत्याच्या टोकाला जाऊन बसला. गुडघ्यात डोकं घातलं. तो रडत होता, ते लपवतही नव्हता.

“मी आज बसत नाही उस्ताद. खात्याला कळवतो. दुसऱ्या कुणाला बोलावू दे त्यांना.”

“दुसरा कधी येईल?”

“येईल दोन-चार दिवसांत.”

“तोवर?”

“पिंजरे आहेत.”

“पिंजऱ्यात तो जात नाही साहेब,” मी बोललो. मधे बोलायचं नव्हतं, तोंडातून गेलं. “कोप्यांत अजून पोरं आहेत. ज्या बाईचं पोर गेलं, तिची थोरली आहे. ती माणसं कुठं जाणार? मुकादम सोडेना, आणि सोडलं तरी जायचं कशानं? रात्री दारात चूल पेटवून बसतात. लाकडं संपत आलीत.”

यशोधननं डोकं वर केलं.

“तुमच्यासमोर झालं ना हे सगळं? मी बघता बघता माझ्या उस्तादाला मारलं असतं. मला बसवताय तिथं? अंधारात? कोपीतून पोर बाहेर आलं आणि मी...”

मला ते पुढचं ऐकायचं नव्हतं.

खाली उसात टिटवी ओरडत होती. एरवी मी तिकडं लक्षही देत नाही. आता आम्ही तिघंही तिकडं बघत राहिलो, ती गप्प होईपर्यंत.

बाबा उठले. माझ्या किटलीजवळून त्यांनी काडतूस उचललं, अंगावरच्या भगव्या छाटीला पुसलं.

“काल कुणाची भीती वाटत होती?”

“त्याची.”

“आत्ता?”

“माझी,” म्हणत यशोधन उठला. भिंतीजवळ गेला. रायफलला हात लावायच्या आधी जरा थांबला, मग नळी मोकळ्या रानाकडं करून ती उचलली. बोल्ट उघडाच होता, तरी त्यानं वाकून आत पाहिलं. मग करंगळी आत घालून चाचपलं. मग पुन्हा पाहिलं. नळी आभाळाकडं वळवून खालून पाहिलं, आणि परत करंगळी घातली.



बाबा त्याचं चाचपणं बघत होते. धुनीतलं लाकूड ढासळलं, तरी कुणी ते सारलं नाही.

मग यशोधननं ओट्यावरचे स्क्रू गोळा केले. पक्का माउंट एका हातात घेतला. कळीचा रायफलवर होता. त्यानं याच्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि शेवटी बाबांकडं पाहिलं. सकाळपासूनचा तोच प्रश्न त्याच्या तोंडावर होता, पण विचारायची हिंमत उरली नव्हती.

बाबांनी त्याची मूठ उघडून त्यात काडतूस ठेवलं.

“आता कुठलाही लाव,” ते म्हणाले.